तुमचे प्रश्न : टॅबवर नुसतं ‘महा’ दिसतं

दिवाळीत ठाणे-नवी मुंबईत लॅपटॉप किती खपले देव जाणे, पण माझ्या मेलबॉक्सवरून वाटतंय की त्यातले बरेचसे आपल्याच वाचकांनी घेतलेत. गंमत म्हणजे सगळ्या मेलांचा विषय ‘नवीन लॅपटॉप’ असा, आणि वाचायला घेतलं तर अर्ध्याहून जास्त प्रश्न ब्राउझरचे. तसं नवल काहीच नाही, आपण लॅपटॉप उघडतो म्हणजे नव्वद टक्के वेळा ब्राउझरच उघडतो, त्यामुळे ब्राउझरने त्रास दिला की शिव्या लॅपटॉपला बसतात. असो. जागा कमी आहे, निवडक घेते.

ताई, मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, १४० फ्लॅट, म्हणजे डोक्याला ताप किती ते समजून घ्या. नवीन लॅपटॉप छान आहे पण क्रोममध्ये वीस-पंचवीस टॅब झाले की नावं इतकी आखडतात की वीजबिलाचा टॅब ‘महा’, सातबाऱ्याचा ‘महा’, रेराचा पण ‘महा’! परवा भलताच बंद केला आणि अर्धा भरलेला फॉर्म गेला. मोठी स्क्रीन घेऊन पण हेच?
– घोडबंदर रोड, ठाणे

सेक्रेटरीसाहेब, स्क्रीन कितीही मोठी घ्या, टॅबची पट्टी म्हणजे सकाळची ठाणे लोकल आहे, डबा तेवढाच आणि माणसं वाढली की प्रत्येकाने अंग चोरायचं. त्यात आपल्याकडच्या निम्म्या सरकारी कामांची नावं ‘महा’ने सुरू होतात, त्यामुळे पहिली दोन अक्षरं दिसून उपयोग शून्य.

आता हे टॅब वर का आलेत ते ऐका, कारण ते कुणीतरी ठरवून केलेलं आहे. २००८ साली क्रोम आलं तेव्हा त्यांनी टॅब ॲड्रेस बारच्याही वर नेऊन ठेवले. त्याआधी फायरफॉक्समध्ये ते ॲड्रेस बारच्या खाली असायचे. क्रोमवाल्यांचं म्हणणं असं की पत्ता हा त्या टॅबचा असतो, टॅब बदलला की पत्ता बदलतो, मग पत्ता टॅबच्या पोटात हवा. म्हणणं पटण्यासारखं होतं, २०११ मध्ये फायरफॉक्स ४ ने पण तेच केलं आणि नंतर बहुतेकांनी. दुसरा फायदा असा की खिडकी पूर्ण मोठी केलेली असली की टॅब स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला टेकतात, आणि माउस कितीही जोरात वर फेकला तरी कडेच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे नेम धरावा लागत नाही. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की निशाणा जितका जवळ आणि जितका मोठा तितका हात तिथे लवकर पोचतो, आणि स्क्रीनची कड म्हणजे माउससाठी न संपणारा निशाणा. करून बघा, डोळे मिटून माउस वर ढकला आणि क्लिक करा, कुठला ना कुठला टॅब लागतोच. कुठला लागेल हे मात्र ‘महा’वर सोडलेलं.

तर उपाय. टॅब उभे लावा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ही सोय २०२१ पासून आहे, कंट्रोल, शिफ्ट आणि स्वल्पविरामाचं बटण एकदम दाबलं की सगळे टॅब डाव्या हाताला यादीसारखे येतात. फायरफॉक्समध्ये मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून सेटिंगमध्ये मिळतं. उभ्या यादीत नावाची बरीच अक्षरं दिसतात आणि स्क्रीनची रुंदी जी नाहीतरी दोन्ही बाजूंना रिकामी पडलेली असते ती कामाला येते. खरं सांगू, मी दोनदा लावून काढून टाकलं, हात आपोआप वरच जायचा, तिसऱ्यांदा आठवडाभर दात-ओठ खाऊन तसंच ठेवलं, आणि आता आडवे टॅब बघितले की मलाच गुदमरल्यासारखं होतं.

क्रोम सोडायचंच नसेल तर टॅबवर राइट क्लिक करून ग्रुप करा, ग्रुपला मराठीत नाव देता येतं, ‘बिल’, ‘लिफ्ट’, ‘थकबाकीदार’ जे काय असेल ते, आणि नको तेव्हा मिटून ठेवता येतो. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की उघड्या टॅबांची यादी शोधायच्या खिडकीसकट येते. रोज लागणारे दोन-तीन टॅब पिन करून टाका, पिन केलेल्याला बंद करायची फुलीच नसते त्यामुळे तुमचा परवाचा घोळ टळेल. आणि भलताच टॅब बंद झालाच तर लगेच कंट्रोल-शिफ्ट-टी. पान परत येतं, फॉर्ममध्ये भरलेलं येईलच याची खात्री नाही, तेवढं नशीब.

ताई मला फसवलं का ते सांगा. जुना लॅपटॉप साडेपंधरा इंची, १३६६ बाय ७६८ वाला. नवीन १४ इंची फुल एचडी घेतला, दुकानात काय चकाचक दिसत होता, आणि घरी क्लायंटचं बिलिंग वेबसाइटवर उघडलं तर आधीपेक्षा दोन-तीन ओळी कमी दिसतात! पैसे जास्त आणि दिसतं कमी.
– अकाउंटंट, नेरूळ

फसवलं नाही हो, पण तुम्हाला वाटतंय ते खरंही आहे. हा प्रश्न मला इतका आवडलाय की थोडं गणित करते.

नवीन स्क्रीनवर १९२० बाय १०८० ठिपके आहेत पण १४ इंचात ते बारीक होतात, म्हणून विंडोज स्वतःहून सगळं दीडपट मोठं करून दाखवतं, सेटिंगमध्ये डिस्प्लेत गेलात की स्केलपुढे १५० टक्के दिसेल. मग १९२० भागिले दीड १२८०, आणि १०८० भागिले दीड ७२०. म्हणजे जागेच्या हिशोबाने तुमचा नवा लॅपटॉप १२८० बाय ७२० आहे आणि जुना १३६६ बाय ७६८ होता. अक्षरं सुबक झाली, जागा घटली. त्यात उंचीच्या ७२० मधले ४८ विंडोज ११ चा खालचा टास्कबार घेतो, जुना ४० घ्यायचा. वर ब्राउझरचे टॅब, ॲड्रेस बार आणि बुकमार्कची पट्टी मिळून आणखी शंभरेक. उरलेल्यात तुमच्या क्लायंटचं बिल.

इथे माझी जुनी तक्रार आहे. ब्राउझरवाल्यांना गेली काही वर्षं सगळीकडे ऐसपैस मोकळी जागा ठेवायची हौस आलीय, बटणं गुबगुबीत, टॅब उंच. फायरफॉक्सने जून २०२१ मध्ये ८९ व्या आवृत्तीत नवीन रूप आणलं तेव्हा टॅब तरंगत्या बटणांसारखे केले आणि आधी जो सरळ मेनूत मिळणारा आटोपशीर पर्याय होता तो आतल्या सेटिंगमध्ये लपवून टाकला. ही डिझाइनं करणारी मंडळी सत्तावीस इंची मॉनिटरवर बसत असणार असा माझा दाट संशय आहे, आपल्यासारखी १४ इंचावर ताळेबंद जुळवत नसणार.

तुम्ही करायचं असं, स्केल १२५ टक्के करा. लगेच १५३६ बाय ८६४ एवढी जागा होते, जुन्यापेक्षा जास्त. अक्षरं बारीक वाटली तर फक्त त्या बिलिंगच्या पानाचा झूम वाढवा, ब्राउझर तो त्या साइटपुरता लक्षात ठेवतो. कंट्रोल-शिफ्ट-बी ने बुकमार्कची पट्टी जाते-येते. आणि एफ ११ दाबलं की टॅब, पट्ट्या सगळं गायब होऊन नुसतं पान. पुढच्या वेळी घेताना १९२० बाय १२०० वाला बघा, तेवढ्याच रुंदीत उंचीला १२० ठिपके जास्त, आकडे भरणाऱ्या माणसाला ते सोन्यासारखे.

स. न. वि. वि. मी बँकेतून निवृत्त झालेला ७४ वर्षांचा गृहस्थ आहे. मुलाने नवा लॅपटॉप आणून दिला. जुन्यावर विंडोज ७ होते. जुन्या क्रोममध्ये बँकेच्या पत्त्याआधी कुलूप दिसत असे व आम्हाला सर्वत्र हेच शिकवले गेले की कुलूप पाहूनच पासवर्ड टाकावा. नव्यावर कुलूप नाही, दोन रेघा व दोन गोळे असे काहीतरी चिन्ह आहे. हा क्रोम बनावट तर नाही ना? कळावे.
– नौपाडा, ठाणे

काका, नमस्कार. क्रोम अस्सल आहे, कुलूप त्यांनीच काढलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमची ११७ वी आवृत्ती आली तेव्हापासून तिथे ते सेटिंगचं चिन्ह असतं. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, त्यामुळे तुमच्या जुन्या लॅपटॉपपर्यंत हा बदल पोचलाच नाही आणि कुलूप शेवटपर्यंत दिसत राहिलं.

काढलं का, तर तुम्ही लिहिलंय त्याच समजुतीमुळे. कुलुपाचा अर्थ एवढाच होता की तुमच्या लॅपटॉपपासून त्या वेबसाइटपर्यंतची वाट बंद आहे, मधल्या मधे कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला बँकवाला आहे की भामटा हे कुलूप सांगतच नव्हतं. आणि भामटेही केव्हाच कुलूप लावायला लागले होते, ते फुकट मिळतं. गूगलने २०२१ मध्ये लोकांना विचारून बघितलं तर कुलुपाचा नेमका अर्थ ११ टक्के लोकांनाच ठाऊक निघाला. बाकी ८९ टक्के माणसांना तो नीट ठाऊकच नव्हता. माझ्या मते काढलं ते बरंच केलं, फक्त काढल्याचं तुमच्या पिढीला कुणी नीट सांगितलं नाही हे चुकलं.

मग बघायचं काय, तर पत्ता. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, आणि असा पत्ता येऱ्यागबाळ्याला मिळत नाही. पण वाचायचा कसा तेही बघा. आपण पाकिटावर घर, गल्ली, नौपाडा, ठाणे असं लिहितो आणि गाव शेवटी येतं, तसंच इथे मालक शेवटी असतो. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन’ आणि लगेच तिरकी रेघ, हे ठीक. पण ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट तमुक डॉट कॉम’ असेल तर तो पत्ता तमुकचा, बँकेचं नाव दारावर नुसतं चिकटवलेलं. पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे वाचत यायचं. क्रोम पत्त्याची सुरुवात खाऊन टाकतं ते नको असेल तर ॲड्रेस बारवर राइट क्लिक करून पूर्ण पत्ता दाखवायचा पर्याय टिचकून ठेवा, मुलाला सांगा, दोन सेकंदांचं काम आहे. आणि जुना लॅपटॉप बँकेसाठी पुन्हा उघडू नका काका. विंडोज ७ ची डागडुजी जानेवारी २०२० मध्येच थांबली, तिथे कुलूप दिसतं पण खिडक्या उघड्या आहेत.

ताई सेकंड इयरला आहे, ८ जीबी आणि १६ जीबी रॅममध्ये सात-आठ हजारांचा फरक पडतोय, दुकानदार म्हणतो ८ घे, नंतर वाढवता येईल. मी फक्त क्रोम आणि थोडं कोडिंग करते.
– ऐरोली

‘फक्त क्रोम’ म्हणालीस ना, तिथेच उत्तर आहे. क्रोम टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवतं, म्हणजे प्रत्येकाचा संसार वेगळा, भांडीकुंडी वेगळी. २००८ मध्ये हाच त्याचा मोठा गाजावाजा होता, एक पान अडकलं तर बाकीची अडकत नाहीत. खरंच अडकत नाहीत, पण वेगळ्या संसाराला खर्च लागतो आणि तो मेमरीतून, म्हणजे रॅममधून होतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून बघ, कुठला टॅब किती खातोय त्याची यादीच येते, व्हिडिओवाले आणि ईमेलवाले टॅब बघून धक्का बसेल. त्यात तुझं कोडिंग.

‘नंतर वाढवता येईल’ हे वाक्य मात्र दुकानात उभं राहूनच तपास. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, काढता येत नाही घालता येत नाही. डेमोच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, खाली फॉर्म फॅक्टर लिहिलेलं असतं. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं की रॅम बोर्डाला चिकटलेली आहे असं समज. मग रिकामा स्लॉट वेगळा आहे का ते मॉडेलच्या माहितीपत्रकात बघ, नसेल तर ८ म्हणजे जन्मभर ८. ‘एसओडिम’, म्हणजे काढता-घालता येणारी रॅमची पट्टी, दिसलं आणि एखादा स्लॉट रिकामा असेल तर दुकानदार खरं बोलतोय. ॲपलनेसुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ वर नेली, यावरून काय ते समज. १६ घे, त्यासाठी बॅग आणि माउस पुढच्या महिन्यावर ढकल.

५१२ जीबीचा लॅपटॉप आणि आत ४७६ च दिसतात. बाकीचे कुणी खाल्ले? – कळवा

कुणी नाही. कंपनी हजाराच्या पाढ्याने मोजते, विंडोज १०२४ च्या. माल तोच, मापं दोन.

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, नक्की कुठला? – वाशी

बाहेरचा रंग वेगळा, आतलं इंजिन चौघांचं एकच, क्रोमियम. एज पण जानेवारी २०२० पासून त्याच इंजिनावर आहे. वेगळी चव घ्यायची तर फायरफॉक्स, त्याचं इंजिन स्वतःचं. मी कामाला एज आणि घरी फायरफॉक्स वापरते, क्रोम आमच्याकडे लेकीचं.

ताई, चार दिवस झाले लॅपटॉप घेऊन आणि मला तो आवडतच नाहीये. नवऱ्याने दुसरा सुचवलेला, मी हट्टाने हा घेतला, आता कुठल्या तोंडाने सांगू. पंखा घूं-घूं करतो, कीबोर्ड दबल्यासारखा वाटतच नाही, बाल्कनीत बसलं की स्क्रीनमध्ये माझंच तोंड दिसतं, आणि राइट कंट्रोलच्या जागी भलतंच बटण आहे. सवय होईल का?
– खारघर

काहीची होईल, काहीची नाही, आणि ते वेगळं करता आलं पाहिजे.

पंख्याचं आधी. नवीन लॅपटॉप पहिले दोन-तीन दिवस आत खूप काही करत असतो, अपडेट उतरवणं, फायलींची सूची करणं, फोटो क्लाउडवर चढवणं. माझा आला तेव्हा मी पहिल्या रात्री आमच्या ह्यांना म्हटलं की मिक्सर घेतलाय की लॅपटॉप, चौथ्या दिवशी त्याचा आवाज आहे की नाही ते कान लावून बघावं लागलं. तेव्हा अपडेट पूर्ण होऊ द्या, एकदा बंद करून चालू करा, मग ठरवा. कीबोर्डची आठवडा-पंधरा दिवसांत बोटांना सवय होते, नव्या चपलेसारखं आहे. ते भलतं बटण कोपायलट या एआय मदतनिसाचं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये ते जाहीर केलं आणि बऱ्याच कीबोर्डांवर त्याने राइट कंट्रोलची जागा बळकावली, मला विचाराल तर निव्वळ आगाऊपणा. सेटिंगमधून ते बटण दुसऱ्या कामाला लावता येतं, आणि कंट्रोलसाठी डावा हात वापरावा लागेल.

माझ्याकडे त्याहून वाईट, पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी, त्याच मापाचं. पहिल्या आठवड्यात हाच कॉलम लिहिताना दोनदा स्क्रीन काळी झाली. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर बटण दाबल्यावर ‘काहीच करू नका’ असं ठरवता येतं ते मला दुसऱ्या वेळेनंतर सुचलं.

पण स्क्रीनची सवय होत नाही. दुकानात वरून पांढरा दिवा, लॅपटॉपची ब्राइटनेस फुल, समोर भडक रंगाचा व्हिडिओ फिरत असतो, तिथे सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात. चकचकीत काच असली आणि उजेड २५० निट (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) वगैरे असला तर खारघरच्या बाल्कनीत तुम्हाला तुमचंच तोंड दिसणार, आज, उद्या आणि तीन वर्षांनी पण. बिजागरीचंही तसंच, टाइप करताना झाकण डुलत असेल तर ते पुढे जास्त डुलतं, कमी नाही. आत्ता एक करा, ब्राइटनेस पूर्ण करून दुपारी बाल्कनीत बसा, एखादं मराठी पान उघडा, पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, आणि वेलांट्या-मात्रा डोळे न ताणता वाचता येतात का बघा. मग काळं चित्र लावून एखादा पांढरा ठिपका अडकलाय का तेही बघून घ्या.

नवऱ्याला पंख्याचं आत्ताच सांगू नका, बोलून दाखवाल आणि परवा तो गप्प होईल. स्क्रीन दुपारच्या परीक्षेत नापास झाली तर मात्र आज संध्याकाळीच सांगा, आणि सांगायच्या आधी पावती उलटी करून वाचा, परत घ्यायचे दिवस किती ते तिथे मागे बारीक अक्षरात असतं, आणि चार तर तुमचे गेलेच आहेत.